जोगजकार्तामधला केजावेन समजावणारा गाइडेड वॉक, नक्की करा

इंडोनेशियात जावा बेटावरच्या जोगजकार्ताला आलात तर फक्त बोरोबुदुर आणि प्रंबानन करून परत फिरू नका, हा अर्ध्या दिवसाचा वॉक घ्या. केजावेन म्हणजे जावातली श्रद्धा-परंपरा, जुन्या स्थानिक आणि हिंदू-बौद्ध रूढी इस्लामात मिसळलेल्या. गाइड स्वतः नमाज पढणारा माणूस, पण घरात स्लामेतान होतं, म्हणजे शेजाऱ्यांना बोलवून भाताचा शंकूसारखा तुम्पेंग मधे ठेवतात, अरबी दुआ म्हणतात आणि पूर्वजांची पण आठवण काढतात, आणि त्याला यात काहीच विचित्र वाटत नाही. कोटागेडे या जुन्या भागात मातारम राज्याचा संस्थापक पानेंबाहान सेनापती याच्या कबरीकडे जाताना दरवाजे थेट हिंदू मंदिरासारखे, बाजूलाच मशीद, आत जायला जावानीज पोशाख कंपल्सरी.

मला सगळ्यात भारी वाटलं ते कॅलेंडर! मातारमचा राजा सुलतान आगुंगने १६३३ मधे शक १५५५ चा आकडा तसाच पुढे चालू ठेवला पण महिने इस्लामी चांद्र पद्धतीचे केले, आपला शक तिकडे असा जिवंत आहे हे ऐकून अंगावर काटाच आला. वर पाच दिवसांचा बाजार-आठवडा वेगळा, लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. शुक्रवार आणि क्लिवोन एकत्र आले की ती रात्र खास.

वायांग म्हणजे जावातला सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ, त्यातला सेमार पण छान समजावला, पांडवांचा नोकर पण मुळात देव, आपल्या महाभारतात हा नाहीच.

तक्रार एकच, परांगकुसुमोच्या समुद्रकिनाऱ्यावर फार घाई झाली, लोक तिथे दोन दगडांपुढे फुलं वाहून रातू किदुलचं, म्हणजे दक्षिण समुद्राच्या राणीचं, स्मरण करतात, तिथे नुसतं शांत बसायला तासभर तरी हवा होता.