पंप.फन: काही महिने वापरल्यानंतर

पंप.फन या साइटवर नवं क्रिप्टो नाणं काढायला कोडची एक ओळही लिहावी लागत नाही. नाव द्या, चित्र चढवा, सोलाना या ब्लॉकचेनवरचं वॉलेट जोडा, झालं काम. जानेवारी २०२४ मध्ये हे सुरू झालं आणि बघता बघता दिवसाला हजारो नाणी निघायला लागली. मी स्वतः एकही काढलं नाही. छोट्या रकमेत घेतली-विकली, आणि त्याहून जास्त वेळ साखळीवरच्या, म्हणजे ब्लॉकचेनवर सगळ्यांना दिसणाऱ्या, व्यवहारांच्या नोंदी वाचण्यात घालवला.

आधी श्रेय देतो. पूर्वी नाणं काढणाराच तरलतेचा पूल, म्हणजे ज्यातून खरेदी-विक्री होते तो साठा, भरायचा आणि लोकांचे पैसे आले की रातोरात पूल उपसून पसार व्हायचा. इथे तो रस्ता बंद आहे. पुरवठा १०० कोटींचा ठरलेला. त्यातली सुमारे ८० कोटी नाणी बाँडिंग कर्व्हवर विकली जातात, म्हणजे समोर विक्रेता नसतो, सूत्र असतं. प्रत्येक खरेदीला भाव चढतो, विक्रीला उतरतो. साधारण ८५ सोल (सोलानाचं चलन) जमले की नाणं ‘ग्रॅज्युएट’ होऊन खुल्या पुलात जातं. आधी हा पूल रेडियम या दुसऱ्या एक्स्चेंजवर असायचा, मार्च २०२५ पासून त्यांच्याच पंपस्वॅप एक्स्चेंजवर.

खरी गोम सूत्रातच आहे. मूळ आकडे घेऊन गणित मांडा: अगदी पहिल्या क्षणी एका सोलमध्ये पुरवठ्याचा जवळपास साडेतीन टक्के वाटा मिळतो, कर्व्ह संपताना पाव टक्काही नाही. भावात सुमारे १५ पट फरक. आणि पहिल्या क्षणी तिथे आपण नसतो. असतो तो काढणारा, त्याची बंडल केलेली (एकाच झटक्यात खरेदी करणारी) वॉलेटं आणि स्नायपर बॉट, म्हणजे नाणं निघताक्षणी घेणारे प्रोग्राम. ‘डेव्हकडे’, म्हणजे काढणाऱ्याकडे, ‘फक्त २ टक्के’ असं दिसलं की मला आता हसू येतं. नवं वॉलेट काढायला कितीसा वेळ लागतो? धारकांच्या यादीतली वरची दहा-पंधरा वॉलेटं उघडा आणि त्यांत पहिले सोल कुठून आले ते बघा. बऱ्याचदा सगळ्यांचा उगम एकच निघतो. ही मंडळी विकतात तेव्हा त्यांच्या हातात पडणारे सोल उशिरा आलेल्यांचे असतात. पूल उपसायची गरजच उरत नाही.

ग्रॅज्युएट होणं म्हणजे कुणी तपासून दिलेला शिक्का नव्हे, फक्त तेवढे सोल जमले. तिथवरही शंभरातलं एखाद-दुसरंच पोचतं. प्लॅटफॉर्मला मात्र शुल्क दोन्ही बाजूंनी मिळतं, तुम्ही घ्या की विका. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटनच्या एफसीए या नियामकाने इशारा दिल्यावर तिथल्या वापरकर्त्यांना हे बंद झालं.

भारतात राहणाऱ्यांसाठी पुढचं गणित आणखी कडू आहे, आणि यूट्यूबवरचे गुरू ते कधीच मांडत नाहीत. समजा एका नाण्यात ५०,००० रुपये कमावले, दुसऱ्यात तेवढेच घालवले. हातात शून्य. पण एप्रिल २०२२ पासूनच्या नियमानुसार नफ्यावर सरळ ३० टक्के कर. दुसऱ्या नाण्याचा तोटा त्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. सेस धरून १५,६०० रुपये खिशातून भरायचे. ज्या खेळात बहुतेक नाणी बुडणारच हे आधीपासून माहीत असतं, त्यात हा नियम म्हणजे बरोबरीत सुटलेल्यालाही दंड. वर प्रत्येक व्यवहाराच्या वेळचा रुपयांतला भाव आपणच टिपून ठेवायचा, नाहीतर मार्चनंतर सीएसमोर नुसती वॉलेटच्या पत्त्यांची माळ घेऊन बसावं लागतं.

अजून रोज साइट उघडतो. वॉलेट जोडत नाही; नोंदी वाचायला ते लागत नाही.