मांजर, त्रिकोण आणि आठवी ब: स्क्रॅच तीन वर्षं वापरल्यावर

मी मूळची गणिताची. शाळेत कॉम्प्युटरला वेगळे शिक्षक नाहीत, म्हणून लॅबची किल्ली माझ्या गळ्यात पडली आणि गेली तीन वर्षं आठवी-नववीला मी स्क्रॅच, म्हणजे मुलांना प्रोग्रॅमिंगची ओळख करून देणारं सॉफ्टवेअर, शिकवतेय. सांगली जिल्ह्यातली मराठी माध्यमाची अनुदानित शाळा, चालू अवस्थेतली नऊ मशीन, वर्गाच्या पटावर ५२ मुलं, तास ३५ मिनिटांचा. त्यातली पाच मिनिटं दाराबाहेर चपला काढण्यात जातात. घरी एका पोराला एक लॅपटॉप देऊन स्क्रॅच वापरणाऱ्यांचा अनुभव वेगळा असणार, म्हणून हे आधीच सांगितलं.

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये तयार झालेलं हे सॉफ्टवेअर २००७ पासून सगळ्यांना फुकट मिळतं. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे, हिरवा झेंडा दाबायचा, की पडद्यावरची मांजर चालायला लागते. चुकीचा ठोकळा चुकीच्या खाचेत बसतच नाही. टायपिंगला घाबरणारी मुलं यामुळे पहिल्याच तासाला सुटतात.

माझं मन मात्र जिंकलं ते एका फसलेल्या त्रिकोणाने. चौरस सगळ्यांना जमला होता: १०० पावलं चाल, ९० अंश वळ, असं चार वेळा. मग म्हटलं, आता समभुज त्रिकोण काढा. सगळ्याच गटांनी बिनधास्त ६० अंश टाकले. मांजर तीन रेघा मारून भलत्याच ठिकाणी उभी. “बाई, ६०च दिलेत, तरी त्रिकोण मिटत नाही.” मी काही न सांगता फरशीवर खडूने त्रिकोण काढला आणि एका मुलीला त्यावरून चालायला लावलं. कोपऱ्यावर आली, थांबली, तोंड वळवलं. किती वळलीस? ती स्वतःच्या पायांकडे बघत राहिली. मागून कुणीतरी ओरडलं, “१२०!” बाह्यकोन, म्हणजे १८० मधून आतला कोन वजा केल्यावर उरतो तो, मी फळ्यावर कितीतरी वर्षं शिकवलाय, पण असा ओरडून कुणी कधी सांगितला नव्हता. तोवर कोपऱ्यातल्या एका पठ्ठ्याने कोन ६०च ठेवून तीनच्या जागी सहा वेळा केलं आणि षटकोन काढून मोकळा झाला.

नववीला निर्देशक भूमिती असते, तिथेही मांजर कामाला येते. रंगमंचाचा, म्हणजे मांजर फिरते त्या चौकटीचा, मध्य ० , ०. आडवं मोजमाप उणे २४० ते २४०, उभं उणे १८० ते १८०. उणे म्हणजे डावीकडे किंवा खाली, हे मांजर पळवताना आपोआप बसतं. दिशेचा मात्र घोळ आहे. स्क्रॅचमध्ये शून्य अंश म्हणजे वर आणि ९० म्हणजे उजवीकडे, होकायंत्रासारखं. भूमितीच्या तासाला आपण कोन आडव्या रेषेपासून मोजायला शिकवतो. हे आधी सांगून टाका, नाहीतर हुशार मुलंच जास्त गोंधळतात.

आता जुन्या मशीनवाल्यांसाठी. तिसऱ्या आवृत्तीच्या ऑफलाइन ॲपला विंडोज १० लागतं. आमच्या तीन मशीनवर विंडोज ७ आहे, तिथे मी १.४ ही जुनी आवृत्ती टाकलीय. चालतं झकास, पण नव्यातली फाइल जुन्यात उघडत नाही. रेघ काढणारे पेनचे ठोकळेही जुन्यात समोरच असतात आणि नव्यात खालच्या कोपऱ्यातल्या बटणातून एक्स्टेंशन (जोड-भाग) म्हणून आणावे लागतात. एकाच तासात दोन प्रकारच्या सूचना देताना घसा बसतो. घसा म्हटल्यावर आठवलं, पहिल्या दिवशी आवाज बंद करायला विसरू नका. नऊ मांजरी एकदम म्याव म्याव करायला लागल्या, तेव्हा शेजारच्या वर्गातून संस्कृतच्या बाई स्वतः उठून आल्या होत्या.

खरी तक्रार वेगळीच. मांजरीला टोपी घालणं, पार्श्वभूमी बदलणं, रंग भरणं यात मुलं तासन् तास रमतात. वर्ग शांत, शिक्षक खूश, शिकणं शून्य. आता माझा नियम असा: झेंडा दाबण्याआधी मांजर कुठे जाईल, ते वहीत लिहायचं. वही कोरी असेल, तर माउस शेजाऱ्याकडे. एका मशीनवर पाच-सहा जणं असल्याने ही शिक्षा भलतीच लागू पडते.

ठोकळे आम्ही इंग्रजीतच ठेवतो, पण व्हेरिएबलचं, म्हणजे बदलता आकडा साठवणाऱ्या डब्याचं, नाव देवनागरीत देता येतं. ‘गुण’, ‘जीव’, आणि एकाने तर ‘बाईंचा राग’ असं नाव दिलं होतं. चुकीच्या उत्तराला तो पाचने वाढायचा.

आठवी-नववीसाठी पाचपैकी चार स्टार. दहावीला मी हे देत नाही, ती मुलं “हे लहान पोरांचं आहे” म्हणून नाकं मुरडतात. त्यांना पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं, रेघा काढणारं टर्टल देते, त्यातही तेच चौरस-त्रिकोण काढता येतात. आणि हो, ऑफलाइन ॲपमध्ये फाइल आपली आपणच सेव्ह करायची असते. गेल्या पावसाळ्यात ऐन तासात वीज गेली आणि चार गटांचं काम पाण्यात गेलं. तेव्हापासून दर दहा मिनिटांनी “सेव्ह!” म्हणून ओरडायला एक मॉनिटर नेमलाय. तो हे काम फारच मनापासून करतो.