घरगुती पिठाची गिरणी: ज्वारी खाणाऱ्या घरात कितपत परवडते?

ज्वारीचं पीठ दळून पंधरा-वीस दिवस झाले की त्याची विरी, म्हणजे चिकटी, जायला लागते. थापताना कडा फाटतात, काटवटीवरून उचलताना भाकरी मधूनच तुटते आणि तव्यावर पापुद्रा सुटत नाही. ज्वारीत गव्हासारखं पीठ धरून ठेवणारं ग्लुटेन नसतं. भाकरी जुळून येते ती ताज्या, बारीक पिठाला गरम पाण्यानं जी चिकटी येते तिच्या जोरावर. म्हणून मराठवाड्यात घरगुती गिरणीचा विचार निघतो तो आधी ज्वारीसाठी, गहू नंतर.

इथे विचार केलाय तो १ एचपी मोटरच्या, सिंगल फेजवर चालणाऱ्या, स्टीलच्या पात्यांच्या आणि वरून आपोआप धान्य सोडणाऱ्या गिरणीचा. लातूर, परभणी, नांदेड, बीड, कुठल्याही मोठ्या दुकानात हाच प्रकार पुढे मांडलेला असतो. किंमत साधारण १५ ते २५ हजारांत. त्यातला फरक बराचसा कपाटाच्या लाकडाचा, काचेच्या दाराचा आणि दिव्यांचा असतो. दळण्याचा भाग जवळपास सारखाच. दिसण्यासाठी चार-पाच हजार जास्त देऊ नका, ते पैसे जाळ्यांच्या जादा संचात घाला.

कोपऱ्यावरच्या गिरणीत दाणा दोन दगडांमध्ये घासला जातो. घरगुती गिरणीत तसं नाही. इथे पाती जोरात फिरतात, त्यांचा मार बसून दाणा फुटतो आणि भोवतीच्या जाळीच्या भोकातून बाहेर पडण्याइतका बारीक होईपर्यंत आतच फिरत राहतो. म्हणजे पीठ किती बारीक निघणार हे जाळी ठरवते. दगड ‘घट्ट’ किंवा ‘सैल’ करायचा प्रश्नच येत नाही. दगडावर घासलेलं पीठ पाणी जास्त पितं, पात्यांचं जरा कमी. गिरणी बदलली आणि सवयीनं तेवढंच पाणी ओतलं की पीठ सैल होतं आणि दोष मशीनला लागतो. पहिल्या दिवशी एक वाटी पिठाला अर्धी वाटी कडकडीत पाणी घाला, चमच्यानं कालवा, दोन मिनिटं झाका. मग तळहाताच्या टाचेनं रगडत लागेल तसा पाण्याचा हबका मारा. एकूण पाणी पाऊण वाटीच्या आसपास जाईल.

भाकरीसाठी संचातली सर्वांत बारीक किंवा तिच्या वरची जाळी लावा. बऱ्याच कंपन्यांत ती ० किंवा १ क्रमांकाची असते, पण क्रमांक सगळीकडे एकसारखे नाहीत. जाळी उजेडात धरून भोकं बघा. दळल्यावर पिठाची चिमूट अंगठा आणि तर्जनीत चोळा. रवाळ कण बोटाला टोचला तर ते पीठ धपाट्याला चालेल, भाकरीला नाही. नीट जमलेल्या पिठाचा गोळा अंगठ्यानं दाबला तर कडेला भेग पडत नाही. पडलीच तर एकच, बारीक, बोट फिरवलं की मिटणारी. कड सगळीकडून करवतीसारखी फाटत असेल तर आधी पीठ किती दिवसांचं आहे ते बघा, मग जाळी, मग पाणी पुरेसं तापलं होतं का ते.

धान्य कुठलं हेही महत्त्वाचं. रब्बीची मालदांडी किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी मोती, असा टपोरा पांढरा दाणा या गिरणीत सुरेख दळला जातो. खरिपाच्या संकरित ज्वारीला काढणीच्या वेळी पाऊस लागला की दाण्याला काळी बुरशी येते. तिचं पीठ करडं पडतं, चवीला कडवट लागतं, आणि जाळी बदलून त्यात काही फरक पडत नाही. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, स्वस्त मिळाली तरी काळपट ज्वारी खाण्यासाठी घेऊ नका.

धान्य ओलसर असेल तर ही गिरणी लगेच नाराज होते. पीठ जाळीच्या भोकांत चिकटून बसतं, धान्य वरून येतच राहतं, मोटर गुरगुरते आणि ओव्हरलोडचं बटण उडतं. दाणा दातानं फोडला तर कडक आवाज होऊन तुटला पाहिजे. दबला तर अजून ऊन हवं. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी ज्वारी घरात येते तेव्हा दोन कडक उन्हं पुरतात. पावसाळ्यात आभाळ उघडेल त्या दिवशी वाळवा आणि गार झाल्यावरच दळा. धुतलेले गहू सावलीत वाळवून लगेच दळायची ज्यांना सवय आहे, त्यांच्या जाळ्या सर्वांत आधी बुजतात.

दुसरा शत्रू खडा. मशीनच्या काढणीत दाण्याएवढी मातीची ढेकळं सोबत येतात. मोठी गिरणी ती भरडून टाकते आणि पीठ कचकचतं. घरगुती गिरणीत जाळी फाटते. पिठात अचानक अर्धे दाणे दिसायला लागले तर मशीन बंद करा आणि जाळी काढून बघा, कुठेतरी चीर गेलेली असते. तोंडाशी चुंबक असतो, पण तो खिळा अडवतो, खडा नाही. चाळणीनं चाळून सुपानं पाखडणं कुठल्याही मॉडेलमध्ये चुकत नाही.

आता पैशांचं, कारण निर्णय इथेच होतो. पाच माणसांचं घर, रोज १० भाकरी, एका भाकरीला ७५ ग्रॅम पीठ धरलं तर महिन्याला साडेबावीस किलो ज्वारी लागते. १ एचपीची मोटर पूर्ण भारावर तासाला साधारण एक युनिट खाते. ज्वारी तासाला ६ ते ८ किलो दळली जाते. युनिट १० रुपयांना पडत असेल तर किलोला दीड रुपया आला. कोपऱ्यावर किलोला ८ रुपये दळणावळ देत असाल तर महिन्याला वाचले साधारण १४५ रुपये. १८ हजारांचं मशीन फक्त ज्वारीवर वसूल व्हायला दहा वर्षं लागतील, आणि त्यात जाळ्या-पात्यांची डागडुजी धरलेली नाही. तुमच्या गावचा दर घालून हाच हिशोब पुन्हा मांडा. वीजबिल १०० युनिटांच्या आत बसत असेल तर जपून. गिरणीमुळे ते पुढच्या टप्प्यात गेलं तर वरची युनिटं महागात पडतात.

गणित बदलतं ते डाळींनी. हरभरा डाळ आणि पाकिटबंद बेसन यांच्या भावातला फरक तुमच्या दुकानात किलोला २५ रुपये असेल आणि महिन्याला ३ किलो बेसन लागत असेल, तर तिथेच ७५ रुपये सुटतात. लातूरसारख्या डाळमिलच्या गावात याहून चांगली सोय आहे. अख्ख्या डाळीऐवजी तुकडा डाळ घ्या. पिठासाठी दाणा अख्खा असण्याची गरज नाही आणि भाव कमी असतो. फक्त चुनी घेऊ नका. ती जनावरांची, तिच्यात टरफल आणि धूळ असते. तुकडा डाळ चाळून घ्या, एक दिवस उन्हात ठेवा आणि सर्वांत बारीक जाळीवर दळा. धान्य सोडायचं झाकण पूर्ण उघडू नका, डाळ जड जाते. पिठल्यासाठी हे बेसन पाकिटातल्यापेक्षा किंचित दाट होतं. एका वाटीला साडेतीन वाट्या पाणी धरा. शिवाय बेसनात वाटाण्याचं पीठ मिसळलंय का, ही शंकाच उरत नाही.

ज्वारीच्या कण्यांना ही गिरणी फार चांगली. मोठ्या भोकाची जाळी लावून किलोभर ज्वारी भरडा आणि चाळा. वर कण्या राहतात, खाली पडलेलं पीठ धपाट्यांत जातं, वाया काही जात नाही. धपाट्यांसाठी एक किलो ज्वारी, पाव किलो गहू आणि पाव किलो हरभरा डाळ एकत्रच दळली तरी चालते. येळवशीच्या (वेळ अमावस्येच्या) आदल्या आठवड्यात बाजरी थोडीच दळा. बाजरीत स्निग्धांश जास्त असल्यानं पीठ लवकर कडवट होतं, उन्हाळ्यात तर आठ-दहा दिवसांत. त्या सणाच्या उंड्यांना (बाजरीच्या उकडलेल्या गोळ्यांना) लागेल तेवढंच दळता येणं, हा घरच्या गिरणीचा खरा फायदा. कोपऱ्यावर अर्धा किलो बाजरी घेऊन गेलं तर कुणी दगड रिकामा करून देत नाही.

येसर, म्हणजे आमटीत घालायचं भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ, घरी करणाऱ्यांसाठी एक बसलेलं प्रमाण: गहू २५० ग्रॅम, हरभरा डाळ २५० ग्रॅम, बाजरी १०० ग्रॅम, तांदूळ १०० ग्रॅम, उडीद डाळ ५० ग्रॅम, धने १०० ग्रॅम, जिरे ५० ग्रॅम, मिरे आणि दगडफूल प्रत्येकी १० ग्रॅम, लवंग आणि दालचिनी प्रत्येकी ५ ग्रॅम. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर, तेल न घालता भाजा. एकत्र भाजलं की तांदूळ कच्चा राहतो आणि जिरं करपतं. गहू तडतडून तांबूस झाले पाहिजेत, डाळीचा खमंग वास सुटला पाहिजे. दालचिनी आणि दगडफूल हातानं चुरा, पूर्ण गार होऊ द्या आणि बारीक जाळीवर दळा. कोमट असताना दळलं तर वाफ धरून गुठळ्या होतात. चार माणसांच्या आमटीला तीन चमचे येसर वाटीभर गार पाण्यात कालवून मगच उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडा. कोरडं टाकलं तर गोळे होतात, ते नंतर फुटत नाहीत.

या प्रमाणात सुकं खोबरं आणि तीळ मुद्दाम नाहीत. तेल सुटणारं काहीच या गिरणीत घालू नका. शेंगदाणे, कारळ, जवस, तीळ, खोबरं यांचा लगदा होऊन जाळी बुजते, आणि तो वास पुढच्या चार दळणांना राहतो. ते मिक्सरला किंवा खलबत्त्यात. काळ्या मसाल्यातलं खोबरं, तीळ आणि तेलावर तळलेला मसाला कांडपावरच नेलेला बरा. हळकुंड अख्खं टाकलं तर पाती बोथट होतात. मिरचीचं तिखट निघतं, पण ठसका घरभर होतो आणि आतला तिखटपणा जाईपर्यंत लेकराची भाकरीही तिखट लागते. वर्षाच्या तिखटासाठी मिरची कांडपाला पर्याय नाही.

दळणाचा क्रम पाळा. उपवासाची भगर आणि राजगिरा आधी, मग तांदूळ, ज्वारी, गहू, डाळी, शेवटी बाजरी आणि येसर. आत थोडं पीठ प्रत्येक वेळी उरतंच. घरात कुणाला गहू वर्ज्य असेल तर एवढ्यानं भागत नाही. तेव्हा या मशीनवर गहू दळूच नये. अशा घरासाठी मात्र गिरणी जरूर घ्यावी, खर्च वसूल होण्याची वाट न बघता. बाहेरच्या गिरणीत आधीच्या माणसाचे गहू आपल्या ज्वारीत येणारच.

सफाईत लोक कमी पडतात. मोटर बंद केल्यावर दोन-तीन मिनिटं दार उघडू नका, नाहीतर उडणारं पीठ नाकातोंडात जातं. प्लग काढा, जाळी आणि पात्यांचा भाग कोरड्या ब्रशनं झाडा; पाणी लावू नका. हवा बाहेर सोडणारी कापडी पिशवी दर चार-पाच दळणांनी झटका आणि महिन्यातून एकदा धुऊन कडक वाळवा. ती बुजली की आतली हवा कोंडते, पीठ गरम येतं आणि वेग मंदावतो. पावसाळ्यात आत पीठ तसंच राहिलं तर आठवड्यात त्याला जाळं लागतं, किडे होतात. दळलेलं पीठ परातीत पसरून गार करा, मगच डब्यात भरा. एप्रिल-मे महिन्यात तर हे विसरूच नका.

विजेचं आधीच बघून ठेवा. १६ अँपिअरचा प्लग आणि चांगलं अर्थिंग हवं. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा मोटर नुसती घुमते, पाती उचलत नाही. अशा वेळी दोन-तीनदा बटण दाबून बघण्यातच मोटर जळते. सकाळी दळा. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर ती चालत नाही. तासाभराच्या दळणानंतर मोटरला अर्धा तास विसावा द्या. याच कारणानं शेजारपाजारचं दळण घेऊन चार पैसे मिळवण्यासाठी हे मशीन नाही. त्यासाठी दगडाची मोठी गिरणी लागते.

महिन्याला दहा किलोच्या आत दळण असेल आणि गिरणी जवळ असेल, तर घेऊ नका. त्याऐवजी महिन्याचं एकदम दळायची सवय मोडा, दर आठवड्याला लागेल तेवढंच न्या आणि गहू दळून झाल्यावर नव्हे, ज्वारीच्याच मागे आपला नंबर लावा. कण्यांसाठी घरात जातं असेल तर ते वापरा. मिक्सरच्या भांड्यात एका वेळी २०० ग्रॅम ज्वारी दळून चाळली तर धपाट्यांचं भागतं, भाकरीचं नाही.

घ्यायचंच ठरलं तर दुकानात जाताना घरची किलोभर स्वच्छ ज्वारी आणि अर्धा किलो हरभरा डाळ सोबत न्या. दुकानदार दाखवायला गहू दळतो, कारण गहू कुठल्याही मशीनवर चांगले निघतात. तुमची ज्वारी त्याच्यासमोर बारीक जाळीवर टाकायला लावा, मग डाळ टाका आणि मोटरचा आवाज बदलतो का ते ऐका. जाळ्यांचा संच पूर्ण आहे का, सुटी जाळी आणि पाती तुमच्याच शहरात मिळतात का, दुरुस्तीला माणूस घरी येतो की मशीन न्यावं लागतं, हे बिल करण्याआधी विचारा. पीठ घरी आणा, त्याच दिवशी दोन भाकरी थापा, उरलेलं झाकून ठेवा आणि आठव्या दिवशी पुन्हा दोन थापा. पैसे त्यानंतर द्या.