दिवाळीचा शिधा, पिवळ्या पिशव्या आणि पॅनचं चौथं अक्षर

आमच्या सोसायटीत कोजागिरीचं दूध पिऊन झालं की गच्चीवरच दिवाळीच्या वर्गणीचा विषय निघतो. २०२४ मध्ये कोणीतरी म्हणालं, यंदा लायटिंगला कात्री लावू आणि पलीकडच्या बांधकामावरच्या मजुरांना शिधा देऊ. सगळ्यांना पटलं. फक्त बाजारात जाऊन सामान आणायला, भरायला, वाटायला वेळ कोणाकडेच नव्हता. आणि तिसऱ्याच दिवशी तो गृहस्थ आला.

तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, तोंडात सारखं 'काकू, काकू'. 'आमची अन्नपेढी आहे. लग्नाकार्यातलं उरलेलं अन्न नेतो, सणाला कोरडा शिधा वाटतो.' किटची यादी छापूनच आणली होती: पाच किलो तांदूळ, पाच किलो कणीक, एक किलो तूरडाळ, लिटरभर तेल, साखर, रवा, बेसन, वर उटण्याची पुडी आणि चार पणत्या. किंमत साडेसहाशे.

घरचा किराणा मीच भरते. तूरडाळ तेव्हा दीडशेच्या वर होती आणि सप्टेंबरमध्ये केंद्राने आयात शुल्क वाढवल्यापासून तेलही भडकलं होतं. एवढं सामान साडेसहाशेत बसत नाही, हे मला तिथेच कळायला हवं होतं. पण तो 'घाऊक भाव, काकू' म्हणाला आणि मी मान डोलावली.

क्यूआर कोड स्कॅन केला तर संस्थेचं नाव नाही, एका माणसाचं नाव आलं. विचारलं तर म्हणे, संस्थेच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, हे आमच्या खजिनदारांचं खातं. आमच्यात दोन निवृत्त बँकवाले आहेत. दोघांनीही पैसे भरले. ५८ किट, ३७,७०० रुपये. शिवाय पाचसहा घरांतल्या चकल्या-शंकरपाळ्यांचे डबे त्याच्या टेम्पोत चढवले ते वेगळेच.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी ग्रुपवर फोटो आले. पत्र्याच्या खोल्यांपुढे बायका ओळीने बसलेल्या, प्रत्येकीच्या पुढ्यात फुगलेली पिवळी पिशवी. आम्ही हात जोडलेल्या चिन्हांचा पाऊस पाडला, कोणी स्टेटसला ठेवले. खरं सांगायचं तर आम्हाला हवा होता तो फोटोच, आणि त्या माणसाने ते पहिल्याच भेटीत ओळखलं असणार.

भाऊबीजेनंतर माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची बहीण घरी आली. ती त्याच खोल्यांत राहते. मी मोठ्या हौसेने विचारलं, 'काय गं, शिधा मिळाला ना?' ती माझ्याकडे बघतच राहिली.

'कसला शिधा, ताई? पिशव्यांत पेपराचे बोळे होते. फोटो काढला आन् पिशव्या परत घेतल्या. उद्या टेम्पो येतो म्हणाला. आम्ही दोन दिस वाट बघितली.'

मग पावती नीट पाहिली. खाली ट्रस्टचं नाव, बाजूला पॅन. तळमजल्यावरचा सीए करणारा मुलगा एका नजरेत म्हणाला, 'काकू, चौथं अक्षर पी आहे. पी म्हणजे व्यक्ती. ट्रस्टला टी असतं.' पावतीवर 'शिधा देणाऱ्यांनाही ८०जीची सूट', म्हणजे देणगीवरची आयकराची सूट, असंही छापलेलं होतं. वस्तू किंवा धान्य दिलं तर ती सूट मिळतच नाही. रोख दिली तरी दोन हजारांपुढे नाही. आणि संस्था खरी असेल तर तेव्हाच्या नियमाप्रमाणे वर्ष संपल्यावर फॉर्म १०बीई नावाचं प्रमाणपत्र द्यायची, नुसत्या पावतीने भागत नव्हतं. पावतीवरच्या पत्त्यावर गेलो तर तिथे दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज. आमचे सेक्रेटरी म्हणाले, अहो, गणपतीला वर्गणी गोळा करायला आपण धर्मादाय आयुक्तांची ४१-क ची परवानगी काढतो, मग याला नोंदणी क्रमांक का नाही विचारला? ते स्वतःही त्या दिवशी गच्चीवरच होते.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. तक्रार नोंदवली गेली, पण पैसे जाऊन तीन आठवडे होत आले होते आणि त्या खात्यात काही उरलं नव्हतं. पैसे गेल्याचं कळल्याबरोबर फोन केला तर पुढच्या खात्यात रक्कम गोठवण्याची आशा असते, असं पलीकडून सांगितलं. चौकीत एकाने विचारलं, 'तुम्ही स्वतःहूनच दिले ना?' उत्तर काय देणार?

त्या रविवारी आम्ही चार बायका दुकानात गेलो, जमेल तेवढं सामान घेतलं आणि हातगाडीवर घालून खोल्यांपर्यंत नेलं. १९ घरांना पुरलं. फोटो कोणी काढला नाही, काढायची लाज वाटली.

निघताना मुकादमाची बायको थोडं अंतर आमच्याबरोबर चालत आली. त्या माणसाने यादी करायच्या निमित्ताने प्रत्येक घरातून आधार कार्डाची झेरॉक्स नेली होती, काही जणींचे अंगठेही घेतले होते. हे आम्हाला तोवर माहीतच नव्हतं.

'ताई, तुमचे पैसे गेले ते गेले,' ती म्हणाली. 'पर आमच्या त्या कागदांचं तो काय करंल?'