मुरबाडच्या भातखाचरांत महिंद्रा जिवो २४५ डीआय

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात आमची अडीच एकर भातशेती आहे. बांधांनी तुटलेली लहान खाचरे आणि कडेला आंब्याची कलमे असल्यामुळे मोठा ट्रॅक्टर तेथे वळतच नाही. यापूर्वी आम्ही एका परिचिताकडून दोनचाकी चालनाचा, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांना इंजिनाची शक्ती मिळणारा, जुना ट्रॅक्टर घेतला होता. चिखलणीच्या ऐन दिवसांत तो रुतून बसला आणि रोपे तयार असूनही लावणी लांबली, याची हळहळ मला आजही आहे.

म्हणून या वेळी महिंद्राचा जिवो २४५ डीआय हा चारचाकी चालनाचा, २४ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर निवडला. चारही चाकांना शक्ती मिळत असल्याने भिजलेल्या खाचरात पुढची चाकेही ओढ धरतात, आणि बांधाजवळ कमी जागेत तो वळतो, हे मला त्याच्या अश्वशक्तीपेक्षाही मोलाचे वाटते. मात्र रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे अवजार, ट्रॅक्टरच्या ताकदीला साजेसेच घ्यावे. रुंद अवजाराच्या मोहात पडल्यास इंजिन दमते आणि डिझेल वाया जाते. मागे जोडलेली अवजारे उचलण्याची जिवोची क्षमता ७५० किलो आहे, ती आमच्या कामाला पुरते.

याच वर्गात कुबोटाचा तीन सिलिंडरांचा निओस्टार बी२४४१ हाही चांगला पर्याय आहे. निवड करताना मी किमतीच्या आधी सुटे भाग आणि मेकॅनिक किती जवळ मिळतात ते पाहिले, कारण जुलैमध्ये ट्रॅक्टर आठवडाभर उभा राहणे लहान शेतकऱ्याला परवडत नाही. आपल्याच खाचरात चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.