ग्लव्हवरचे रडार: वेग नेमका कुठे मोजला जातो?

बेसबॉलमध्ये चेंडूचा वेग मोजायचा म्हटले की पिस्तुलाच्या आकाराची रडार गन डोळ्यांसमोर येते. 1974 मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक डॅनी लिटव्हायलर यांनी पोलिसांकडची वाहनांचा वेग मोजणारी गन पाहिली आणि तेथून ही गन मैदानावर आली. व्यावसायिक दर्जाच्या गनची किंमत आजही लाखाच्या घरात जाते. कोल्हापुरात बेसबॉल खेळणाऱ्या मुलांच्या संघाला ती परवडणे अवघड आहे, म्हणून आम्ही ग्लव्हवर बसवायचे छोटे रडार मागवले आणि गेल्या हंगामापासून ते नियमित सरावात वापरत आहोत. हा अभिप्राय एका ठरावीक कंपनीबद्दल नसून या प्रकारच्या यंत्राबद्दल आहे, कारण त्याचे गुण आणि मर्यादा मुख्यतः ते कुठे बसवले जाते यावरून ठरतात.

हे यंत्र चेंडू झेलणाऱ्याच्या ग्लव्हवर बांधले जाते. जवळ येणाऱ्या चेंडूवर ते सूक्ष्मलहरी सोडते आणि परत आलेल्या लहरींच्या वारंवारतेत पडलेल्या फरकावरून वेग काढते. पोलिसांच्या गनमध्ये असतात तशा 24 गिगाहर्ट्झच्या लहरी घेतल्या, तर ताशी 1 किलोमीटर वेगामागे हा फरक सुमारे 44 हर्ट्झ पडतो. चेंडू ग्लव्हमध्ये बसला की आकडा पडद्यावर येतो. गन धरायला वेगळा माणूस लागत नाही, ही सर्वांत मोठी सोय आहे. दुसरी सोय आमच्याकडच्या मैदानांमुळे विशेष जाणवते. सकाळच्या वेळी एकाच मैदानावर फुटबॉलचा सराव, क्रिकेटची जाळी आणि फिरायला आलेली मंडळी असतात. जाळीमागून लांबवर रोखलेली गन मधूनच धावणारा खेळाडू किंवा कडेने जाणारी दुचाकी टिपू शकते. ग्लव्हवरचे रडार अगदी जवळच्या अंतरातच पाहत असल्यामुळे असा गोंधळ आम्हाला कधी दिसला नाही.

आता मुख्य मुद्दा. हे यंत्र चेंडूचा शेवटचा वेग मोजते, सुटतानाचा मोजत नाही. चेंडू टाकणारा पिचर जिथून टाकतो ती पट्टी फलंदाजाजवळच्या होम प्लेटपासून 60 फूट 6 इंच, म्हणजे 18.44 मीटर अंतरावर असते आणि एवढ्या प्रवासात हवेच्या विरोधामुळे चेंडूचा वेग साधारण 8 ते 10 टक्क्यांनी घटतो. ताशी 113 किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू ग्लव्हशी येईपर्यंत 103 किंवा 104 वर आलेला असतो. दूरचित्रवाणीवर दिसणारा वेग मात्र हल्ली हातातून सुटतानाचा असतो. या फरकामुळे मोठमोठे आकडेसुद्धा सरळ शेजारी ठेवता येत नाहीत. 1974 मध्ये पिचर नोलन रायनचा ताशी 100.9 मैलांचा चेंडू प्लेटच्या जवळ मोजला गेला होता, तर दुसरा पिचर अरोल्डिस चॅपमनच्या 24 सप्टेंबर 2010 च्या चेंडूची 105.8 मैलांची नोंद सुटतानाच्या वेगाची आहे. आपला आकडा पडद्यावरच्या पिचरपेक्षा फारच कमी आला म्हणून खट्टू होणाऱ्या मुलांना हे आधी समजावून सांगावे लागते, आणि ते सांगितल्यावाचून हे यंत्र त्यांच्यासमोर लावूच नये असे माझे ठाम मत आहे.

आकड्यावर परिणाम करणारी दुसरी गोष्ट कॅचरचा, म्हणजे होम प्लेटमागे चेंडू झेलणाऱ्याचा हात आहे. चेंडू आणि ग्लव्ह एकमेकांकडे किती वेगाने येत आहेत, एवढेच रडारला कळते. कॅचरने चेंडू घ्यायला हात पुढे नेला आणि तो सेकंदाला दोन मीटर वेगाने गेला, तर आकड्यात ताशी 7 किलोमीटरची भर विनाकारण पडते. उलट, चांगला कॅचर हात किंचित मागे घेत चेंडू अलगद सामावून घेतो, तेव्हा पिचरच्या वाट्याचा तेवढाच वेग कमी दिसतो. मोजमाप करताना हात स्थिर ठेवायचा आणि शक्यतो एकाच कॅचरकडून मोजायचे, हा नियम आम्ही पहिल्याच आठवड्यात केला. चेंडू तिरका आला तरीही आकडा घटतो, पण 10 अंशांच्या कोनात ही घट जेमतेम दीड टक्का असते, त्यामुळे तिची फार चिंता करायला नको. कोन 20 अंशांवर गेला की मात्र ती 6 टक्क्यांवर पोचते. अशा वेळी, म्हणजे ग्लव्ह बराच लांब न्यावा लागलेल्या चेंडूचा आकडा आम्ही वहीत लिहीत नाही.

यंत्रावर किती विश्वास ठेवावा, हे मोबाइलने तपासता येते. सेकंदाला 240 चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्याने बाजूने चित्रण करावे आणि चेंडू सुटल्यापासून ग्लव्हमध्ये जाईपर्यंतची चित्रे मोजावीत. पिचर पुढे झुकून टाकत असल्याने प्रत्यक्ष अंतर सुमारे 16.8 मीटर धरावे. 145 चित्रे भरली, तर सरासरी वेग ताशी 100 किलोमीटर. एका चित्राची चूक जेमतेम 0.7 टक्क्याची असते. सरासरी वेग ग्लव्हजवळच्या वेगापेक्षा चार-पाच टक्के जास्त यायला हवा, आणि आमच्या पडताळणीत हात स्थिर असताना तो तसाच येत गेला. ज्यांना हे यंत्र घेणे शक्य नाही, त्यांनी नुसत्या मोबाइलवर काम भागवले तरी चालेल. मात्र प्रत्येक चेंडूमागे चित्रे मोजत बसणे सरावात जमत नाही, आणि तिथेच हे रडार आपली किंमत वसूल करते.

माझ्या दृष्टीने त्याचा सर्वांत चांगला उपयोग कमाल वेग शोधण्यात नाही. पूर्ण वेगाने टाकलेला फास्टबॉल आणि फलंदाजाला फसवायला मुद्दाम मंद टाकलेला चेंजअप यांच्या वेगात ताशी 8 ते 12 मैलांचे अंतर असावे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. दोन्ही चेंडू एकाच ग्लव्हवर मोजले जात असल्याने आधी सांगितलेल्या त्रुटी दोन्हींकडे जवळजवळ सारख्याच असतात आणि फरक बराचसा खरा मिळतो. आपला चेंजअप खरोखर मंद पडतो की नुसता वेगळ्या पकडीने टाकलेला फास्टबॉल आहे, हे मुलाला तिथल्या तिथे दिसते. सरावाच्या उत्तरार्धात आकडे सलग उतरू लागले, तर खांदा थकल्याचे तेही एक लक्षण मानून आम्ही त्या मुलाला थांबवतो.

काळजी वाटते ती इथेच. आकडा समोर दिसू लागला की मुले प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकतात. 2008 मध्ये भालाफेक करणारे भारतीय तरुण रिंकू सिंग आणि दिनेश पटेल वेग व अचूकतेच्या स्पर्धेतून पुढे येऊन थेट अमेरिकेतील पिट्सबर्ग पायरेट्स या व्यावसायिक संघाच्या करारापर्यंत पोचले. ती गोष्ट ऐकलेल्या मुलाला वेगाची ओढ लागणे स्वाभाविकच आहे. पण कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध वाढत्या वयात हा ताण किती सोसेल, याला मर्यादा आहे. अमेरिकेतील युवा बेसबॉलच्या मार्गदर्शक नियमांत 13-14 वर्षांच्या पिचरला दिवसाला जास्तीत जास्त 95 चेंडू सांगितले आहेत आणि 66 किंवा अधिक टाकल्यास चार दिवसांची विश्रांती. आम्ही रडार सरावाच्या मधल्या थोड्या वेळापुरतेच लावतो आणि ते लावलेले असताना टाकलेला प्रत्येक चेंडू दिवसाच्या मोजणीत धरतो. यंत्राबरोबर आलेल्या माहितीपत्रकात याविषयी एक ओळही नव्हती, हे मला मुळीच पटलेले नाही.

बाकीच्या उणिवा किरकोळ आहेत. आमच्या यंत्रात आकडे मैलांत येतात, त्यांना 1.6 ने गुणावे लागते. कोल्हापूरच्या पावसात ते बाहेर काढायचे धाडस आम्ही केले नाही. परदेशातून मागवताना सीमाशुल्क वेगळे पडते आणि बिघाड झाला तर इथे दुरुस्तीची सोय नाही, हेही खर्चात धरावे.

पिचरखेरीज इतरांनाही त्याचा उपयोग होतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या शॉर्टस्टॉपने पहिल्या बेसकडे फेकलेला किंवा कॅचरने 38.8 मीटरवरच्या दुसऱ्या बेसवर फेकलेला चेंडू झेलणाऱ्याच्या ग्लव्हवरच मोजता येतो. गन घेऊन त्याच्यामागे उभे राहण्यापेक्षा हे सोपे आणि सुरक्षित आहे. मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये तर ते आणखी बरे चालते, कारण तिथे पिचरचे अंतर 43 फूट, म्हणजे 13.11 मीटरच असते आणि सुटतानाच्या व झेलतानाच्या वेगातली तफावत त्या मानाने कमी राहते. एकच यंत्र घेण्याइतके पैसे असतील आणि दोन्ही खेळांचे संघ असतील, तर सॉफ्टबॉलच्या सरावाचा वार आधी ठरवावा आणि उरलेल्या दिवशी ते बेसबॉलच्या मुलांकडे द्यावे, अशी माझी शिफारस आहे. आम्ही सध्या तसेच करत आहोत.