पन्नास टक्के सूट: कशावर आणि किती वर्षं?

धरणगावजवळच्या एका गावात, नाना नावाच्या शेतकऱ्याच्या ओसरीवर गेल्या जूनमध्ये बसलो होतो. समोर दोन कागद. एक पुण्याकडच्या खासगी विद्यापीठाचं पत्र, जाड गुळगुळीत कागदावर छापलेलं: तुमच्या मुलाला इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी पन्नास टक्के गुणवत्ता शिष्यवृत्ती निश्चित झाली आहे, सात दिवसांत पंचवीस हजार भरून जागा पक्की करा. दुसरा सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या, निकालाचा प्रिंटआउट. सायबर कॅफेवाल्याची शाई संपत आली असावी, 96 पर्सेंटाइल हा आकडा अर्धवटच उमटला होता. नानांनी दोन्ही कागद माझ्याकडे सरकवले आणि विचारलं, "पोऱ्याले कोठे टाकानं, सर?"

हा प्रश्न मला दरवर्षी जून-जुलैत विचारला जातो. चोपडा, यावल, पारोळा, शहादा, कुठूनही फोन येतो. म्हणून दोन्ही वाटा, खासगी विद्यापीठाची सूट आणि सीईटीवरचा राज्याचा प्रवेश, इथे शेजारी शेजारी मांडतोय. मुलगा हुशार आहे हे धरूनच चालू. पैशाची हमी खरी कुठे आहे, एवढंच बघायचं.

आधी त्या पत्राचं. "पन्नास टक्के" हे कशाचे, ते पत्राच्या दर्शनी भागात नव्हतं. मागे बारीक अक्षरात होतं: फक्त शिक्षण शुल्कावर, फक्त पहिल्या वर्षी, पुढच्या वर्षांसाठी ठरावीक सीजीपीए, म्हणजे दहापैकी सरासरी गुणांक, राखल्यासच. वसतिगृह, मेस, परीक्षा, विकास निधी यांवर काहीच सूट नाही. हे वाचताना मला माझा भाचा आठवला. त्यालाही असंच पत्र आलं होतं. अट होती 8.5 सीजीपीएची, पहिल्या वर्षी त्याला मिळाले 8.1. मराठी माध्यमातून आलेल्या, पहिल्यांदाच घराबाहेर राहणाऱ्या पोराने 8.1 मिळवणं ही कौतुकाची गोष्ट होती, पण सूट गेली. दुसऱ्या वर्षाची पूर्ण फी भरायला ताईने सोनेतारण कर्ज काढलं. ते फेडताना तिला किती ओढाताण झाली ते मी जवळून पाहिलंय. तेव्हापासून कुणी हमी म्हटलं की मी आधी पान उलटतो.

खासगी विद्यापीठांची प्रत्येक शिष्यवृत्ती फसवी असते असं मात्र नाही. वेल्लोरच्या व्हीआयटीचं उदाहरण घ्या. त्यांच्या प्रवेश परीक्षेत पहिल्या दहात आलेल्यांना शिक्षण शुल्कात 75 टक्के, 11 ते 50 क्रमांकाला 50 टक्के, 51 ते 100 ला 25 टक्के, आणि बोर्डात राज्यात पहिला आलेल्याला पूर्ण माफी, असा छापील तक्ता असतो. हमी अशी असते: क्रमांक सांगितला की रक्कम कळते. पण देशभरातले शंभर जण हा त्याचा आवाका आहे. तेव्हा 80-85 पर्सेंटाइलच्या मुलाला फोनवरून कुणी पन्नास टक्के देऊ करत असेल, तर ती मुळात वाढवून ठेवलेल्या किमतीतली घट आहे असं माझं स्पष्ट मत आहे. बाजारात केळीचा भाव आपण घासाघीस करून ठरवतो आणि घरी येऊन त्याला बक्षीस म्हणत नाही.

आता दुसरी वाट. ही कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांची. आपल्याकडे जळगावचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, बांभोरीचं एसएसबीटी, शिरपूरचं आर. सी. पटेल, धुळ्याचं एसव्हीकेएम, शहाद्याचं डी. एन. पटेल. रसायन तंत्रज्ञानात रस असेल तर जळगावच्या विद्यापीठाच्या आवारातलीच युनिव्हर्सिटी इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी. यांच्या जाहिरातीत शिष्यवृत्ती हा शब्द मोठ्या अक्षरात नसतो, कारण ती कॉलेज देत नाही, सरकार देतं. म्हणूनच ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

त्यातली सर्वांत भक्कम टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफी. मंजूर जागांच्या वर आणखी पाच टक्के जागा असतात. साठच्या वर्गात तीन. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असावं लागतं. जागा गुणवत्तेवर मिळते आणि मिळाली की शिक्षण शुल्क अभ्यासक्रम संपेपर्यंत माफ, सीजीपीएची टांगती तलवार नाही. बदल्यात कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही आणि विकास शुल्कासारखी इतर रक्कम भरावीच लागते. पर्याय भरताना या जागांचा कोड वेगळा असतो, शेवटी इंग्रजी टी लागतो. तो न भरल्यामुळे कितीतरी पोरं पात्र असून मागे राहतात. त्याच कॉलेजचा साधा कोड भरला म्हणजे हाही आपोआप भरला गेला, असं त्यांना वाटतं.

तीनच जागा म्हटल्यावर कटऑफ वर जाणारच. ती हुकली तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे: आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलांना शिक्षण आणि परीक्षा शुल्काची निम्मी रक्कम. ओबीसी मुलांनाही त्यांच्या योजनेतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. अनुसूचित जाती-जमातींच्या योजना याहून मोठ्या आहेत. नंदुरबारच्या आदिवासी मुलांनी स्वयं योजनेची, म्हणजे राहण्या-जेवणाच्या मदतीची, चौकशी आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करावीच. अल्पभूधारक किंवा नोंदणीकृत मजुराच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे.

मुलींचं गणित तर 2024 पासून पार बदललंय. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमातलं शिक्षण आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. तरीही परवा एरंडोलच्या एका ताईंनी विचारलं, मुलीला अमुक विद्यापीठ चाळीस टक्के सूट देतंय, घेऊ का? शंभर सोडून चाळीस कशाला घ्यायचे, ताई?

इथे एक खाचखळगा आहे, आणि तोच सर्वांत महाग पडतो. या राज्य योजना खासगी आणि अभिमत विद्यापीठांना लागू नाहीत. कॅपच्या कॉलेजातही व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था स्तरावर, म्हणजे फेऱ्यांबाहेर थेट कॉलेजकडून, प्रवेश घेतला तर लाभ जातो. "यंदा कॉम्प्युटर मिळालं नाही, मॅनेजमेंटमधून घेऊन टाकू" असं म्हणणाऱ्या बापाने शाखेच्या बदल्यात चार वर्षांची माफीही विकून टाकलेली असते, आणि हे त्याला महाडीबीटीचा, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचा, अर्ज भरायला बसल्यावर कळतं.

नानांच्या ओसरीवर मी वहीत हिशेब मांडला. आकडे समजुतीसाठी धरलेत, तुम्ही तुमच्या कॉलेजचे घाला. विद्यापीठाचं शिक्षण शुल्क 3,20,000 आणि त्यावर निम्मी सूट. राहिले 1,60,000. इतर शुल्क 30,000, पुण्यात राहणं-जेवण 1,50,000. वर्षाला 3,40,000. चारही वर्षं सूट टिकली तर 13,60,000. पहिल्या वर्षानंतर तुटली तर पुढची तीन वर्षं पाच-पाच लाख, एकूण 18,40,000. शेजारच्या रकान्यात कॅपचं कॉलेज: शिक्षण शुल्क 1,10,000, निम्मं माफ म्हणजे 55,000, इतर 15,000, खोली आणि मेस 60,000. वर्षाला 1,30,000, चार वर्षांचे 5,20,000. टीएफडब्ल्यूएस लागली तर 3,00,000. नाना बराच वेळ त्या दोन रकान्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, फरकात तर विहीर खोदून वर ठिबक होईल.

पैसा कधी लागतो हेही बघा. फी जुलै-ऑगस्टमध्ये मागतात. कापूस घरात येतो दिवाळीच्या आगेमागे. विद्यापीठाचे सात दिवस नेमके हात रिकामे असताना येतात, म्हणून माणूस घाबरून सावकाराकडे जातो. कॅपमध्ये सवलतीचा भाग वगळून उरलेलीच रक्कम भरायची असते. कॉलेज पूर्ण मागत असेल तर शासन निर्णयाची प्रत पुढे ठेवून बोला.

पुण्याची वाट कुणी घ्यावी? ज्यांचं उत्पन्न आठ लाखांच्या वर आहे, उदाहरणार्थ दोघंही नोकरीत, त्यांना राज्याकडून जवळपास काही मिळत नाही. त्यांच्यासाठी खासगी विद्यापीठाची सूट विचारात घेण्यासारखी आहे, मात्र चार वर्षांची अट लेखी हवी आणि सीजीपीएची अट 7 च्या आसपास असावी. 8.5 ची अट असेल तर मी ती सूट नाहीच असं धरून हिशेब करतो. शाखा अशी असेल की खानदेशात मिळतच नाही, तेव्हाही जावं.

जेईईत, म्हणजे एनआयटी-आयआयटीच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेत, चांगला क्रमांक आला तर ही सगळी चर्चा बाजूला ठेवा. एनआयटीत शिक्षण शुल्क वर्षाला 1,25,000, आयआयटीत दोन लाख. पण उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर पूर्ण माफ, एक ते पाच लाख असेल तर दोन-तृतीयांश माफ, अनुसूचित जाती-जमातींना पूर्ण माफ. माफीसाठी वेगळी गुणवत्ता दाखवावी लागत नाही, मिळालेला प्रवेश पुरतो. नंदुरबारकरांना सुरतचं एनआयटी ताप्ती लाइनवर रेल्वेने जवळ पडतं, पण गृहराज्याचा कोटा आपल्याला नागपूरच्या व्हीएनआयटीत आहे हे पर्याय भरताना लक्षात ठेवा.

आणि ज्याला मुळात भौतिकशास्त्र किंवा गणितच आवडतं, त्याला इंजिनिअरिंगकडे ढकलू नका. बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात असलेला आणि मूलभूत विज्ञानाला प्रवेश घेतलेला विद्यार्थी केंद्राच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीला अर्ज करू शकतो: वर्षाला 80,000, त्यातले 60,000 हातात आणि 20,000 उन्हाळी संशोधनासाठी. अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात किंवा जळगावच्या मूळजी जेठात बीएस्सी करत ही रक्कम मिळाली तर फी भागून वर उरते. जागा मर्यादित असल्यामुळे याला मी हमी म्हणणार नाही, पण अर्ज न करणं हा निव्वळ तोटा आहे.

नानांच्या पोराच्या पर्याय अर्जाचा क्रम आम्ही तिथेच वहीत मांडला. आधी टी असलेले कोड, त्याखाली तीच कॉलेजं साध्या कोडने. पहिला पर्याय कोणता ठेवायचा यावर मात्र तासभर गेला, कारण पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर तो घ्यावाच लागतो. नानांना शिरपूर हवं होतं, पोराला जळगाव. शेवटी पोराचं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअरसाठी तहसीलला गेले, आणि ते जाड गुळगुळीत पत्र पोराच्या आईने गव्हाच्या डब्याखाली घातलं.